तूप, माशांचं तेल आणि डोळ्याचा पडदा

या वेळच्या पत्रांमध्ये पुन्हा तोच घोळ दिसतो. खाण्यातली चरबी, रक्तातली चरबी आणि डोळ्यात दिसणारी चरबी या तीन गोष्टी लोक एकच समजतात. तेवढं वेगळं करून सांगण्यासाठी आजचं सदर.

रोज दोन चमचे गाईचं तूप खाल्लं तर मुलाच्या चष्म्याचा नंबर उतरेल का?

नाही. नंबर डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई यांवर ठरतो. मुलाला चष्मा नियमित लावू द्या.

डोळे कोरडे पडतात म्हणून सासूबाई रात्री तुपाचा थेंब डोळ्यात घालायला सांगतात. घालू का?

घालू नका. घरचं तूप निर्जंतुक नसतं. बुबुळावर जखम चिघळलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कोरडेपणाची कारणं बरीच असतात, त्यामुळे आधी तपासून घ्या.

वजन कमी करायला सहा महिने तेल-तूप पूर्ण बंद केलं आहे. रोज गाजराचा रस घेते, तरी संध्याकाळी अंधुक दिसतं.

गाजरातलं बीटा-कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते चरबीत विरघळतं. सोबतच्या जेवणात थोडीही चरबी नसेल तर ते नीट शोषलं जात नाही. गाजराच्या कोशिंबिरीवर आपल्याकडे फोडणी ओततात, ती नुसत्या चवीपुरती नसते. पालक, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांचंही तसंच. चमचाभर तेल पुन्हा सुरू करा.

पण अंधुक दिसण्याचं खापर लगेच आहारावर फोडू नका. मोतीबिंदू, डोळ्याच्या मागच्या पडद्याचे (रेटिनाचे) आनुवंशिक आजार, यकृताचे विकार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, यांपैकी कशामुळेही असं होऊ शकतं. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने आणून खाऊ नका. ते शरीरात साठतं, आणि गरोदरपणात जास्त प्रमाणात घेतलं तर बाळाला व्यंग येऊ शकतं. आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

वडिलांच्या पडद्याला वयोमानाने झीज आहे. ओळखीचे एक विक्रेते ओमेगा-३ च्या कॅप्सूल देतात, 'पडदा नवा होतो' म्हणतात.

पडदा नवा होत नाही. असं सांगून वस्तू विकणाऱ्याला दारात उभं करू नका.

पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्ये डीएचए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर असतं, हे खरं. त्यावरून कॅप्सूलने झीज थांबेल असं वाटणं साहजिक होतं, म्हणून ते तपासलंही गेलं. अमेरिकेतल्या 'एरेड्स-२' या चाचणीत चार हजारांहून अधिक लोक होते. 2013 मध्ये निष्कर्ष आला: ओमेगा-३ दिल्याने झीज पुढच्या टप्प्यात जाणं कमी झालं नाही. कोरड्या डोळ्यांसाठीही 2018 च्या 'ड्रीम' चाचणीत वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम दिलं, आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा त्याचा फायदा जास्त दिसला नाही.

बाटलीवर '1000 मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं ते माशाच्या तेलाचं वजन. मागची बारीक अक्षरं वाचा, ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं मिळून बहुधा 300 च्या आसपास भरतात. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, तळून नको, कालवण करून. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी चांगली, मात्र जवसातल्या ओमेगा-३ पैकी फार थोड्याचं शरीरात डीएचए होतं. झीज मध्यम टप्प्यावर असेल तर ल्युटीन, झिंक वगैरेंची ठरावीक गोळी उपयोगी पडते, पण ती कुणाला लागू हे पडदा पाहूनच ठरतं. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील तर कॅप्सूलबद्दल फिजिशियनला आधी विचारा. आणि वडील सिगारेट ओढत असतील तर आधी ती सोडायला लावा.

पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळे चट्टे आले आहेत. नजर जाईल का?

नाही. पण उपाशीपोटी कोलेस्टेरॉलची तपासणी करून फिजिशियनना भेटा. असे चट्टे असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं, उरलेल्यांना मात्र उपचार लागतो.

नऊ वर्षं मधुमेह आहे. तपासणीत 'पडद्यावर चरबीचे ठिपके' निघाले. तेव्हापासून तूप आणि शेंगदाणे बंद केले आहेत. पुढची तपासणी दिवाळीनंतर केली तर चालेल?

चालणार नाही. या आठवड्यात जा.

तुमच्यासारखी पत्रं मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात, म्हणून सविस्तर सांगतो. ते ठिपके ताटातल्या तुपाचे नाहीत. वाढलेल्या साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि झिरपू लागतात. पाणी शोषलं जातं, त्यातली चरबी आणि प्रथिनं मागे राहतात. भिंगातून पाहिलं की पिवळट, ठसठशीत कडांचे ठिपके दिसतात, कधी गळक्या जागेभोवती कंकणासारखे. म्हणजे ठिपका ही गळतीची खूण आहे. छत गळत असताना जमिनीवरचा डाग पुसत बसण्यासारखं तुमचं चाललं आहे.

ही गळती पडद्याच्या मध्यबिंदूपाशी पोहोचली की वाचणं, चेहरे ओळखणं अवघड होतं. त्याआधी दुखत नाही, लाल होत नाही, बऱ्याचदा नजरही पूर्ण असते. म्हणूनच लोक थांबतात. नऊ वर्षांत बाहुल्या मोठ्या करून पडदा किती वेळा तपासला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी यात धरू नका. टाइप-२ मधुमेहात पहिली तपासणी निदान झाल्याबरोबर, मग दरवर्षी, आणि दोष दिसला की डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. थेंब घातल्यावर अर्धा तास बसावं लागतं, काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत कुणाला न्या आणि गाडी चालवू नका. त्रास एवढाच आहे.

रक्तातल्या चरबीचा संबंध आहे, पण साखर आणि रक्तदाबाच्या जोडीने. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी कमी करणाऱ्या फेनोफायब्रेट या औषधाने पडद्याचा आजार पुढे जाणं मंदावतं असं 2010 च्या 'अकॉर्ड' अभ्यासात दिसलं: चार वर्षांत सुमारे 10 टक्क्यांऐवजी 6.5 टक्के रुग्णांत आजार वाढला. 2024 मध्ये स्कॉटलंडच्या चाचणीतही फायदा दिसला. पण म्हणून ते औषध मनाने दुकानातून आणू नका. मूत्रपिंडाचं काम पाहून फिजिशियन ठरवतात. मध्यबिंदूला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन किंवा लेसर लागतो, आणि ते वेळेत झालं तर नजर टिकते. शेंगदाणे मूठभर खा. तपासणी पुढे ढकलू नका.

दोन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्यासमोर पाचेक मिनिटं काळा पडदा आला आणि गेला. आता स्पष्ट दिसतं. कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. आहार बदलून बघू का?

हे वाचून होताच इस्पितळात जा. मानेतल्या धमनीत साठलेल्या चरबीचा तुकडा सुटून डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेल्यावर असं होऊ शकतं, आणि पुढचा तुकडा मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. नुसता डोळा दाखवून परतू नका, मानेच्या धमन्या आणि हृदयही तपासायला सांगा. दोन आठवडे आधीच गेले आहेत.