नागपुरात दहावीच्या प्रकल्पासाठी होफमनचं उपकरण (वायू मोजण्याचं काचेचं उपकरण) विकत न घेता पाण्याचं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होणं, दाखवता येईल का?

हो, आरामात येईल, आणि सगळं सामान बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा घराजवळच्या दुकानांत मिळेल. मी शाळेत हा प्रयोग असाच करून घेते. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला दोन भोकं पाडून त्यांत दोन्ही टोकांना तासलेल्या पेन्सिली एम-सीलने घट्ट बसवा. ६बी पेन्सिल घ्या, तिच्यात एचबीपेक्षा ग्रॅफाइट जास्त असतं म्हणून वीज नीट वाहते. खिळे नकोत. धन टोकाचा खिळा गंजतो आणि पाणी तांबूस होतं. डब्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण भरा. मेडिकलमधल्या १० मिलीच्या दोन सिरिंजचे दट्टे काढा, टोकं एम-सीलने बंद करा, त्या द्रावणाने भरून पेन्सिलींवर उलट्या ठेवा. खुणा आयत्याच छापलेल्या असतात, त्यामुळे वायूचं आकारमान थेट वाचता येतं. विजेसाठी पेन्सिलींच्या खालच्या टोकांना जोडलेली ९ व्होल्टची बॅटरी पुरते. घरातल्या प्लगला थेट जोडायचं अजिबात नाही. ऋण टोकाच्या सिरिंजमध्ये हायड्रोजन जमतो, तिच्या तोंडाशी पेटती काडी नेली की ‘फट्’ आवाज येतो.

मीठ मात्र घालू नका, त्याने धन टोकाला विषारी क्लोरीन निघतो.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या आकारमानांचं प्रमाण अगदी २:१ येईलच असं नाही. थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, थोडा ग्रॅफाइटशी संयोग पावतो. आलेला आकडा वहीत तसाच लिहा आणि खाली हे कारण द्या. परीक्षकांना जुळवून आणलेला २:१ लगेच ओळखू येतो.