ओठ दुभंगलेल्या बाळाची प्रतिकारशक्ती कमी असते का?

ताई, बाळाचा ओठ दुभंगलेला असल्याने शस्त्रक्रियेची जखम चिघळेल का, असे आपण विचारले आहे. इतर जन्मजात दोष नसतील तर केवळ ओठामुळे प्रतिकारशक्ती कमी होत नाही. टाळूही (तोंडाच्या आतला वरचा भाग) दुभंगलेली असल्यास मात्र मधल्या कानात पाणी साचून जंतुसंसर्ग वारंवार होऊ शकतो. जखम भरणे बरेचसे पोषणावर अवलंबून असते, म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर साधारणपणे १० आठवडे वय, सुमारे ४.५ किलो वजन आणि १० ग्रॅम हिमोग्लोबिन झाल्याची खात्री करून घेतात. प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) असलेले आईचे दूध, वाटी-चमच्याने का होईना, बाळाला उभे धरून अवश्य पाजावे. व्रण सुरुवातीचे काही महिने लालसर आणि कडक लागतो, कारण तेथे नवे कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) तयार होत असते. कृपया घाबरू नका, तो पुढे हळूहळू मऊ पडतो. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेची चौकशी करावी; दुभंगलेला ओठ त्यात समाविष्ट आहे.