दरवर्षी सुरक्षा प्रशिक्षण देऊनही प्रेसवर कामगारांची बोटे जातात. मग प्रशिक्षणाचा उपयोग काय?

साकीनाक्याच्या गाळ्यात पत्र्याचे सुटे भाग बनवणारा आपला कारखाना आहे, पंचवीसेक कामगारांपैकी निम्मे ठेकेदाराकडचे आहेत, दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहात वक्ता बोलावून प्रशिक्षण दिले जाते आणि तरीही वर्षभरात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, दोघांची बोटे गेली, असे आपण लिहिले आहे. मी मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी होतो आणि आता लहान उद्योगांत प्रशिक्षण देतो. माझ्या अनुभवाने सांगायचे तर प्रशिक्षणाने अपघात टळतात, परंतु आपण वर्णन केलेल्या प्रशिक्षणाने ते टळणार नाहीत, आणि नुसत्या प्रशिक्षणाने तर नाहीतच.

आधी प्रेसकडे पाहावे, कामगाराकडे नंतर. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग) खाली येत असताना डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) हात जाऊ शकत असेल, तर एका पाळीत हजारो वेळा तीच हालचाल करणाऱ्या माणसाचे लक्ष कधी ना कधी चुकणारच, आणि त्या क्षणी त्याला मार्चमधले व्याख्यान आठवणार नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला संरक्षक आवरण घालण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ ने मालकावर टाकली होती, आणि कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही मालकाचेच कर्तव्य आहे. आपल्याकडे जुन्या, पायडलवर चालणाऱ्या की-क्लचच्या प्रेस असतील, तर विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्यांना लाइट कर्टन (हात आत आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवू नका. त्या प्रेसमध्ये एकदा स्ट्रोक सुटला की रॅम पूर्ण फेरा मारूनच थांबतो; मधे हात आला आहे हे कर्टनने ओळखले तरी त्याला थांबवता येत नाही. तिथे डायभोवती फक्त पत्रा सरकेल एवढीच फट ठेवणारा पक्का गार्ड आणि पायडलवर चुकून पाय पडू नये म्हणून आवरण, हाच भरवशाचा उपाय आहे.

एवढे झाले की प्रशिक्षणाला अर्थ येतो, कारण गार्ड काढावा लागतो अशी कामे उरतातच. डाय बदलणे, अडकलेला तुकडा काढणे, तेल देणे या वेळी मोठ्या दुखापती होतात, आणि नेमकी हीच कामे सुरक्षा सप्ताहाच्या भाषणात येत नाहीत. मी हे प्रेसजवळ उभे राहून शिकवतो. कामगाराला मोटर बंद करायला सांगतो आणि फ्लायव्हीलकडे पाहायला लावतो. मोटर बंद झाली तरी ते जड चाक बराच वेळ फिरत राहते, आणि तेवढ्यात पायडलवर पाय पडला तर रॅम तितक्याच जोराने खाली येतो. अनेक वर्षे प्रेस चालवलेल्या माणसांनीही ही गोष्ट मोटर बंद असताना कधी निरखून पाहिलेली नसते. चाक थांबेपर्यंत वाट पाहायची, मेन स्विच पाडून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, मग स्टार्टचे बटण दाबून प्रेस सुरू होत नाही याची खात्री करायची, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅमला खाली येऊ न देणारा आधाराचा ठोकळा) लावायचा आणि त्यानंतरच हात आत घालायचा. हे सर्व मी एकदा करून दाखवतो आणि नंतर प्रत्येकाकडून करून घेतो. ज्याला ते न अडखळता जमत नाही, त्याची हजेरीपत्रकावर सही असली तरी त्याला डायला हात लावू देऊ नये.

पण कामगाराच्याही आधी सुपरवायझरला शिकवले पाहिजे. हात डायबाहेर राहावेत म्हणून एकाच वेळी दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकावर चिकटपट्टी लावून ते कायमचे दाबून ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. ती पट्टी कामगाराने लावलेली असते, परंतु ती दिवसभर सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत तिथेच असते. नगावर पैसे ठरलेले असतील आणि गार्डमुळे नग कमी पडत असतील, तर गार्ड निघणार, हे आपण गृहीत धरावे. गार्ड लावून किती माल निघतो ते स्वतः मोजून दर त्यावर ठरवा आणि गार्डशिवाय प्रेस चालू दिसली तर ती बंद करण्याचा अधिकार सर्वांत नव्या हेल्परलाही द्या. हा अधिकार पहिल्यांदा कोणी वापरला तेव्हा मालक त्याच्याशी कसा वागला, हे सगळा गाळा लक्षात ठेवतो.

वर्षातून एकदा हा हिशेबही मला चुकीचा वाटतो. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात दुखापतीचा धोका जुन्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि आपल्याकडे नवा माणूस मार्चची वाट पाहून येत नाही. ठेकेदाराने सकाळी आणलेला मुलगा दुपारी प्रेसवर बसलेला असतो. होळीला किंवा छठला गावी गेलेली माणसे परततात तेव्हा, नवी डाय चढते तेव्हा, आणि पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटे, असे प्रशिक्षण विभागून द्यावे. ते कामगाराच्या भाषेत असावे. भिंतीवरच्या इंग्रजी पाट्या तपासणीला येणाऱ्यांसाठी असतात, कामगार त्या वाचत नाहीत.

हातमोजे वाटून सुरक्षा साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. धारदार पत्रा उचलताना मोजे हवेतच, पण ड्रिल मशीनवर तेच मोजे फिरत्या बिटात अडकून हात ओढून नेतात. गळ्यातला गमछा, सैल बाही आणि मनगटावरचा धागा यांचेही तसेच. आणि ठेकेदार बुटांचे पैसे पगारातून कापत असेल तर ते ताबडतोब थांबवा. सुरक्षेच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत.

होता होता टळलेले अपघात सांगणाऱ्याला दंड करू नका, नाहीतर पुढचा प्रसंग आपल्याला रुग्णालयातच कळेल.

इतके करूनही बोट तुटलेच तर पुढचे काही तास मोलाचे असतात, आणि हा भाग बहुतेक प्रशिक्षणांत नसतो. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरून हात उंच ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकला तर पेशी खराब होतात आणि बोट जोडण्याची शक्यता कमी होते. जवळच्या दवाखान्यात टाके घालण्यात वेळ न घालवता, मायक्रोसर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करून थेट तिथे जावे. असे रुग्णालय कोणते आणि त्याचा नंबर काय, हे आजच चौकशी करून प्रेसजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

बाहेरून मदत हवी असल्यास शीवची केंद्रीय श्रम संस्था आणि बेलापूरची राष्ट्रीय सुरक्षा परिषद प्रशिक्षणवर्ग घेतात. तिथे कामगारांच्या आधी आपल्या सुपरवायझरला पाठवा, आणि जमल्यास आपण स्वतः त्याच्यासोबत बसा.