पोह्याचा चमचा आणि खचलेला केक

ताई,

मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही दह्यातला बिनअंड्याचा केक केलात. तो ओव्हनमध्ये टम्म फुगला आणि मग मधोमध खचला. वरून काळपट, चवीला साबणासारखा. पाहुण्यांसमोरच सासूबाई म्हणाल्या, "तरी सांगत होते, बेकरीतून आणा." त्याला चार महिने झाले. ओटीजी, म्हणजे तो छोटा विजेचा ओव्हन, तेव्हापासून झाकून ठेवलाय, आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्या हाताला गुणच नाही."

हाताचा यात काही दोष नाही. तुम्ही केलेलं सगळं इतकं बारकाईने लिहून पाठवलंत की चूक त्यातच सापडते. कृतीत खाण्याचा सोडा अर्धा टीस्पून होता. नीट फुगावा म्हणून तुम्ही एक चमचा घातलात, आणि तोही पोह्याचा. टीस्पून ५ मिलीचा, पोह्याचा चमचा साधारण १० मिलीचा. म्हणजे अडीच मिलीच्या जागी दहा, चौपट! दह्याच्या आंबटपणाला जेवढा सोडा लागतो तेवढा खपतो, बाकीचा केकमध्येच राहतो. साबणाची चव आणि काळपट रंग त्याच्यामुळे. शिवाय इतका वायू एकदम तयार झाला की केक आतून शिजून घट्ट व्हायच्या आधीच फुगला. अंडं असतं तर त्याने थोडा आधार दिला असता. इथे सगळा भार मैद्यावर, आणि मधला भाग शिजतो सगळ्यात शेवटी. म्हणून तोच खचला.

दुसरी गोष्ट, सोडा घातल्यावर मिश्रण अर्धा तास ओट्यावर राहिलं, कारण ओव्हन तापवायचा राहिला होता. दह्यात सोडा पडला की वायू लगेच सुटू लागतो, वाट पाहिली तर ओट्यावरच निघून जातो. आणि तिसरी, पंधराव्या मिनिटाला दार उघडून पाहिलंत. छोट्या ओटीजीतली उष्णता दार उघडताच भसकन बाहेर जाते. पहिली २५ मिनिटं काचेतूनच बघायचं.

आता निम्म्या मापाने करा. तुमच्याकडे ७ इंची टिन आहे. ५ इंची टिनचं क्षेत्रफळ त्याच्या जवळपास निम्मं भरतं, त्यामुळे अर्धं माप त्यात बरोबर बसतं आणि बिघडलंच तरी फारसं वाया जात नाही. ९५ ग्रॅम मैदा आणि अर्धा टीस्पून बेकिंग पावडर दोनदा चाळून घ्या. १२५ ग्रॅम दह्यात ७५ ग्रॅम साखर पूर्ण विरघळवा, ६० मिली तेल आणि थोडा व्हॅनिला घालून फेटा. दही घरचं असेल तर वरचं पाणी काढून मग वजन करा. इथपर्यंत घाई नाही. ओव्हन १८० अंशांवर १० मिनिटं तापू द्या, टिनला तेल लावून कागद घाला. मग दह्यात पाव टीस्पून सोडा, सपाट चमचा, शीग लावून नाही. लगेच मैदा घालून हलक्या हाताने एकत्र करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, आणखी फेटलंत तर केक चिवट होतो. टिन दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. २५ ते ३० मिनिटं लागतील, सुई मध्यभागी घालून कोरडी निघाली की झालं. वरचा रॉड जवळ असल्याने पृष्ठभाग लवकर लाल होऊ लागला, तर २५ मिनिटांनंतर वर फॉइल ठेवा.

वजनकाटा आणि मापाचे चमचे मात्र घ्याच. चहाचा कप, आमटीची वाटी आणि पोह्याचा चमचा ही बेकिंगची मापं नव्हेत. दाबून भरलेल्या एका कपात मैदा १५० ग्रॅमपर्यंत जातो, हलक्या हाताने भरला तर १२५.

तुम्ही त्याच दिवशी निम्मी कणीक आणि साखरेऐवजी गूळही घातलात. एका वेळी एकच बदल करा. कणीक पाणी जास्त ओढते, तिला दोन टेबलस्पून दूध जास्त लागतं. गुळाने रंग आधीच गडद होतो, त्यामुळे केक जळतोय की गुळाचा रंग आहे हे नवख्याला कळत नाही. साधा केक दोनदा नीट जमला की मग कणीक, त्यानंतर गूळ. वहीत तारीख, मापं आणि वेळ लिहीत जा.

आणि नवा पदार्थ वाढदिवसाला करू नका. पाहुणे येणार असतील तेव्हा केक खुशाल बेकरीतून मागवा, त्यात कमीपणा नाही. प्रयोग मंगळवारी, बुधवारी, मुलगा शाळेतून यायच्या आधी.

सासूबाईंचं बोलणं लागलं, ते स्वाभाविक आहे. चारचौघांत बोलायला नको होतं. आता शांत वेळ पाहून एकदाच सांगा, "पाहुण्यांसमोर बोललात त्याचं वाईट वाटलं." वाद घालू नका. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी घरांतून दिवाळीआधी नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीवर जात. त्यांनीही केली असेल तर विचारा, तूप किती फेसायचं. नानकटाई पसरते ती बहुधा तूप पातळ झाल्याने, आणि तूप कितपत फेसलं की पुरे हे पाहून शिकावं लागतं. गोळे २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग १७० अंशांवर भाजा, १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते, तशीच ट्रेवर गार होऊ द्या.