पाण्यात न विरघळणारं तेल पाण्यात कुजतं का, हे कसं तपासतात?

तुम्ही लिहिलंय, की हर्णैला बोटीसाठी ‘बायोडिग्रेडेबल’ वंगण घेतलंत, थोडं बादलीतल्या पाण्यात टाकून पाहिलंत आणि महिना झाला तरी तवंग तसाच आहे. मग विकणारा फसवतोय का?

लगेच तसं म्हणू नका. लोट्याच्या एमआयडीसीत मी काही वर्षं हीच बाटल्यांची कामं केली. नेहमीची चाचणी 28 दिवसांची. बंद बाटलीत क्षार घातलेलं पाणी, सांडपाणी प्रकल्पातला थोडा गाळ (त्यातच जिवाणू) आणि मोजून तेल. जिवाणू तेल खातात, ऑक्सिजन ओढतात. सुटलेला कार्बन डायऑक्साइड वरचा सोडा लाइम शोषतो आणि दाब उतरतो; त्यावरून किती ऑक्सिजन खर्च झाला ते कळतं. तेल पूर्ण जळायला जेवढा ऑक्सिजन लागला असता, त्याच्या 60 टक्के खर्च झाला की पास. शंभर का नाही? खाल्लेल्यातलं बरंचसं जिवाणूंच्या अंगी लागतं!

तेलाचं दुखणं वेगळंच. जिवाणू त्याला फक्त वरवरून कुरतडतात. एक नमुना तीन आठवडे ढिम्म हलेना. बाटली उजेडात धरली तर पाण्याच्या रेषेवर काचेला तुपकट कडं. जिवाणू खाली, जेवण वर. पुढच्या खेपेला तेच तेल सिलिका जेलच्या बारीक दाण्यांवर चढवून घातलं, ढवळणाऱ्या स्टररचा वेग वाढवला, आणि आकडा चढत गेला. तुमच्या बादलीत ना ढवळणं, ना पुरेसे जिवाणू.

पण वंगण म्हणजे एक रसायन नव्हे, खिचडी. कार्बनच्या सरळ साखळ्यांचे रेणू आधी संपतात, फांद्यावाल्या रेंगाळतात, एकमेकांना जोडलेल्या कड्यांची संयुगं सगळ्यात चिवट. 60 टक्के हा अख्ख्या खिचडीचा आकडा. मागे काय उरलं ते त्यात दिसत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे म्हणजे सांडलेल्या कच्च्या तेलाचं असंच उरलेलं.

म्हणून रिपोर्ट मागा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठरवलेल्या चाचण्यांपैकी 301 गोड्या पाण्यातली, 306 समुद्राच्या पाण्यातली; तिच्यात गाळ घालत नाहीत, पाण्यातले मूळचेच जिवाणू. टक्के कशावर काढले तेही बघा. मिश्रणात नेमकं काय काय आहे ते माहीत नसलं, की पूर्ण जळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या हिशोबाऐवजी सीओडी (रसायनांनी तेल जाळून मोजलेला ऑक्सिजन) धरतात, आणि असं तेल सीओडीत कधीकधी पुरतं जळत नाही. मग ज्या आकड्याने भागायचं तोच लहान होतो आणि टक्के फुगतात.

बोटीच्या तळाचं तेलकट पाणी मात्र समुद्रात सोडू नका. पास झालेल्या तेलाचाही पहिल्या दिवशी तवंग तेवढाच येतो.