‘नवी काबिजाद’ यातले नवे काय?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे : ‘आजोबांच्या पेटीत जमिनीचा एक जुना कागद मिळाला. त्यात आमच्या गावाच्या नावापुढे “नवी काबिजाद” असे लिहिले आहे. हा “जायदाद”सारखाच मालमत्तेचा शब्द आहे का? आणि आमचा गाव कदंबांच्या काळापासूनचा आहे असे सगळे सांगतात, मग तो नवा कसा?’

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर. कानाला सारखा लागणारा नाद सोडला तर काबिजादीचा जायदादीशी संबंध नाही. जायदाद फारसीतून आली, तिचा अर्थ मालमत्ता. काबिजाद निघाली ‘काबीज’वरून. कब्जा, कब्जेदार ही त्याच अरबी घराण्यातली भावंडे. अरबीत काबीज म्हणजे धरणारा, ताबा घेणारा. मराठीने तो शब्द उलटा फिरवला आणि जे धरले गेले त्याला लावला. किल्ला काबीज झाला, ठाणे काबीज केले, असे आपण त्यामुळेच म्हणतो. काबिजाद म्हणजे जिंकून ताब्यात आलेला मुलूख. पोर्तुगीज आपल्या कागदोपत्री ‘वेल्हास कोंकिश्तास’ आणि ‘नोव्हास कोंकिश्तास’ लिहीत, त्यांच्यासाठी गोव्याच्या मराठीत ‘जुन्या काबिजादी’ आणि ‘नव्या काबिजादी’ रूढ झाल्या. शब्द स्त्रीलिंगी आहे. लिहिताना ‘बि’ ऱ्हस्व ठेवावा : गरीब पण गरिबी, तसे काबीज पण काबिजाद.

आता नवेपण. ही मोजणी गावाच्या वयावरून झालेली नाही, जिंकणारा ज्या वर्षी आला त्या वर्षावरून झाली आहे. आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा शहर आणि तिसवाडी घेतली. बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये कायमच्या पोर्तुगीजांकडे गेल्या. मुरगाव तेव्हा साष्टीतच धरला जाई. एवढी झाली जुनी काबिजाद. पुढे दोनशे वीस वर्षे गोव्यात पोर्तुगिजांची हद्द जवळजवळ तिथेच थांबली. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे सगळे १७६३ ते १७८८ या पंचवीस वर्षांत आले, आणि त्यांचे नाव पडले नवी काबिजाद.

ही हद्द पुन्हा का हलली याचा धागा वसईला सापडतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि पोर्तुगिजांचा उत्तरेकडचा प्रांत जवळजवळ संपला. त्याच वर्षी मराठ्यांची फौज साष्टीतही उतरली होती. तिसवाडी, बारदेश, साष्टी एवढी चिंचोळी पट्टी पाठीशी मुलूख असल्याशिवाय टिकणार नाही, हे तेव्हा पोर्तुगीज राज्यकर्त्यांना कळून चुकले. वसईच्या विजयाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण डिचोली-सत्तरीच्या माणसाने तिचे पुढचे पानही वाचले पाहिजे, कारण त्या पानावर त्याचा गाव आहे. १७४६ मध्ये पेडण्याकडचा हळर्णचा किल्ला वाडीकर, म्हणजे सावंतवाडीच्या, सावंतांकडून पोर्तुगिजांनी घेतला. या विजयाचे त्यांना इतके अप्रूप वाटले की तो घेणाऱ्या व्हाइसरॉयला ‘मार्केस द आलोर्न’ हा किताब मिळाला. आपल्या हळर्णचे नाव असे लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटले.

इथे मला या शब्दाबद्दल एक तक्रार नोंदवायची आहे. ‘काबिजाद’ म्हटले की सगळे लढून घेतले असे वाटते. डिचोली आणि सत्तरीच्या बाबतीत ते खरे आहे. पण म्हैसूरचा हैदरअली चालून आल्यावर घाटावरच्या सौंदे संस्थानच्या राजाने गोव्यात आसरा घेतला आणि त्याचा घाटाखालचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला. कायमचा दिल्याचा करार झाला तो १७९१ मध्ये. पेडणे सावंतांनी १७८८ मध्ये दिले, कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून. एक राजा पळून आला, दुसरा मदत मागायला आला, आणि दोघांच्याही जमिनीवर शिक्का उमटला ‘काबीज’चा. नाव ठेवण्याचा हक्क ज्याच्या हाती लेखणी त्याचा होता.

पण शब्दापेक्षा जुन्या आणि नव्या काबिजादींमधली दोन शतके महत्त्वाची. ती बघायची असतील तर दिवाडी बेटावरून नार्व्याला जाणारी फेरीबोट धरा. मी गेल्या चतुर्थीनंतर गेलो होतो. दोन दुचाक्या, एक टेम्पो, माशांची पाटी घेतलेली एक बाई, आणि मांडवीचे गढूळ पाणी. बिडी ओढून होण्याआधी पलीकडचा धक्का येतो. अलीकडचा काठ जुनी काबिजाद, पलीकडचा नवी. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर मुळात दिवाडीवरचे. कदंब राजे आपल्या नाण्यांवर ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ असे कोरून घेत. पोर्तुगीज अमलात तिथले देऊळ मोडले आणि देव हेच पाणी ओलांडून नार्व्याला आला, म्हणजे तुमच्याच तालुक्यात. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याच्या देवळाचे काम सुरू करवले. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे. मान जरा वर करून उभे राहिले की अक्षरे लागतात. असाच मंगेश कुडथाळहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. देव ज्या फोंड्यात गेले तिथे तेव्हा अंमल होता आदिलशहाचा, हेही ध्यानात ठेवावे.

मग दोनशे वर्षांनी तेच पोर्तुगीज नदी ओलांडून फोंड्यात आणि डिचोलीत आले. या वेळी त्यांनी देवळांना हात लावला नाही. देवस्थाने, वतने, रूढी पूर्ववत चालतील असे अभिवचन दिले. दरम्यान काळ पालटला होता. लिस्बनमध्ये मार्केस द पोंबालचा कारभार होता, १७५९ मध्ये जेझुइट पाद्र्यांना हद्दपार केले होते. गोव्यात १५६० पासून चाललेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, १७७४ मध्ये काही वर्षे बंद पडले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. शिवाय वसई गमावलेल्या सत्तेला नव्या रयतेशी वैर परवडणारे नव्हते. माझ्या मते हे दुसरे कारण जास्त वजनाचे.

भाषेचेही तसेच. १६८४ मध्ये, संभाजी महाराजांच्या स्वारीला वर्ष होते न होते तोच, व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. तेव्हा डिचोली, पेडणे, फोंडा त्या फर्मानाच्या बाहेर होते. लोकांची बोली त्या फर्मानाने मेली नाही, पण देवळातले कीर्तन, पुराण, गावच्या पंतोजीची शाळा, मराठीतला पत्रव्यवहार ही सगळी घडी जुन्या काबिजादीत विसकटली आणि नव्या काबिजादीत टिकली. आज तुम्ही हा प्रश्न मराठीत विचारता आणि मी मराठीत उत्तर देतो, त्यात या हद्दीचा मोठा वाटा आहे.

तर तुमच्या आजोबांच्या कागदात तो शब्द कशाला? नुसता पत्ता म्हणून नाही. एकोणिसाव्या शतकात नव्या काबिजादींतल्या रहिवाशांच्या रूढींची वेगळी संहिता सरकारने केली आणि ती पोर्तुगीजबरोबर मराठीतही छापली. दत्तक, वारसा, एकत्र कुटुंबाची मालमत्ता यांचा निवाडा करताना गाव कोणत्या काबिजादीतला हे बघावे लागे. म्हणून गावापुढे ती नोंद.

आजच्या लिखाणात हा शब्द इतिहासापुरता खुशाल वापरा, पण सोबत तालुका आणि साल द्या. माणसाला मात्र लावू नका. ‘नव्या काबिजादीतला’ असे कुणाबद्दल म्हणताना अजून ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याला ते लागते.

आणि एक करा. ती पेटी तळापर्यंत बघा. खाली मोडीतला एखादा कागद निघाला तर आधी त्यातले साल वाचा. डिचोली पोर्तुगिजांकडे गेली त्या १७८१ च्या अलीकडचा असेल तर काबिजाद सापडेल. पलीकडचा असेल तर ती नसणार, तिथे वाडीकर सावंतांचे नाव शोधा.