पार्क बंद होतो तेव्हा : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

आपल्या परिसरातले जुने मनोरंजन पार्क कायमचे बंद होत असल्याचे एका वाचकाने कळवले होते आणि त्यावर मागच्या अंकात आम्ही चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर एवढी पत्रे येतील याची कल्पना नव्हती. त्यांतली सहा येथे घेतली आहेत. बऱ्याच जणांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे कोणाचेच नाव दिलेले नाही.

प्रश्न : गेल्या बारा वर्षांत मी त्या पार्कमध्ये पाऊल टाकले नव्हते. तरीही बंद होण्याची तारीख वाचून मला रडू आले आणि शेवटच्या दिवशी मी तीन तास रांगेत उभी राहिले. माझा मुलगा म्हणाला, "एवढी माया होती तर आधी का गेली नाहीस?" मला उत्तर सुचले नाही. हा माझा ढोंगीपणा आहे का?

मुलाचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकतो आहे. मनोरंजन पार्क कोणत्याही कुटुंबाच्या वाट्याला फार थोडी वर्षे येते. राइडच्या तोंडाशी उंची मोजण्याची पट्टी असते. मूल त्या पट्टीपर्यंत पोहोचले की आई-वडिलांच्या फेऱ्या सुरू होतात आणि त्याला आई-वडिलांबरोबर फिरण्याची लाज वाटू लागली की त्या संपतात. मधली आठ-दहा वर्षे काय ती आपली. त्यानंतर गिऱ्हाईक बदलते, पण ज्याचे दिवस तिथे गेले तो जागेवरचा हक्क सोडत नाही. देवळात रोज न जाणाऱ्या माणसालाही देऊळ पाडलेले सोसत नाही, तसेच हे आहे.

तोक्योतील तोशिमाएन हे १९२६ साली सुरू झालेले पार्क ३१ ऑगस्ट २०२० रोजी बंद झाले. तिथे 'एल दोरादो' नावाचा गोल फिरणाऱ्या घोड्यांचा मोठा रहाट होता. ह्यूगो हासे यांनी तो १९०७ साली जर्मनीत बनवला, पुढे तो न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील स्टीपलचेस पार्कमध्ये गेला, १९६४ साली ते पार्क बंद पडल्यावर खोक्यांत भरून जपानला आला आणि १९७१पासून तोशिमाएनमध्ये फिरू लागला. त्याच्यावर घोड्यांबरोबर लाकडी डुकरेही आहेत. एकाच रहाटाने दोन खंडांत दोन पार्कांचे शेवटचे दिवस पाहिले, आणि दोन्ही ठिकाणी निरोपाला आलेल्यांत वर्षानुवर्षे न फिरकलेलेच पुष्कळ असणार, यात मला शंका नाही. तेव्हा आपण एकट्या नाही. मात्र मालकाच्या वहीत अश्रूंचा रकाना नसतो, हेही आपण मान्य करावे. बारा वर्षे न काढलेली तिकिटे त्या वहीत दिसतात, शेवटच्या दिवशीची तीन तासांची रांग मात्र एकाच दिवसाच्या हिशेबात जाते.

प्रश्न : सुट्टीच्या दिवसांत आमच्या पार्कमध्ये पाय ठेवायला जागा नसे. मग ते तोट्यात होते यावर विश्वास कसा ठेवायचा? मालकाला जमीन विकून पैसा करायचा होता, एवढाच याचा अर्थ नाही का?

आपला संशय निराधार नाही, पण 'मालक लोभी' एवढ्यावर थांबलो तर खरी गोष्ट हातातून निसटते. पार्क तोट्यातच असावे लागते असे नाही. त्याच्याखालची जमीन त्याच्यापेक्षा जास्त कमावू लागली, की नफ्यातले पार्कही बंद होते.

पार्कचा खर्च वर्षभर चालतो आणि कमाई थोड्या दिवसांत गोळा करावी लागते. पाळणा फिरो वा न फिरो, त्याची तपासणी, विमा, गंजरोधक रंग, बेअरिंग आणि कुशल कामगारांचे पगार चुकत नाहीत. शिवाय दर काही वर्षांनी नवी राइड आणली नाही तर तरुण मंडळी पाठ फिरवतात आणि नवी राइड म्हणजे मोठे कर्ज. आपण पाहिलेली गर्दी खरीच होती, पण ती थोड्या दिवसांची होती.

आता जमिनीचे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अनेक पार्के ट्रॅम कंपन्यांनीच उभारली. रविवारी गाड्या रिकाम्या धावत, म्हणून मार्गाच्या शेवटच्या टोकाला करमणुकीची जागा काढायची आणि लोकांनी तिथवरचे तिकीट काढावे अशी सोय करायची. पिट्सबर्गजवळचे केनीवुड १८९८ साली असेच सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. पण अशा बहुतेक पार्कांचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. शहराच्या टोकाला म्हणून जी जमीन स्वस्त मिळाली होती, ती शहर वाढत वाढत तिथे पोहोचल्यावर मोक्याची झाली. लोकांना तिकडे ओढून आणण्याचे काम पार्कने केले आणि त्याच कामामुळे त्याची जागा महाग होत गेली.

दिल्लीचे अप्पू घर अनेक वाचकांना आठवत असेल. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बोधचिन्हावरून, म्हणजे हत्तीच्या पिलावरून, त्याला नाव मिळाले. नोव्हेंबर १९८४मध्ये प्रगती मैदानात ते सुरू झाले आणि २००८ साली बंद झाले. तिथल्या जमिनीवर पुढे सर्वोच्च न्यायालयाचे जादा संकुल उभे राहिले. राजधानीच्या मधोमध असलेल्या अशा जागेला पाळण्यांपेक्षा बलवान दावेदार मिळणारच होता. कॅलिफोर्नियातील ग्रेट अमेरिका हे १९७६पासूनचे पार्क तर अजून चालू असतानाच, २०२२ साली, त्याच्याखालची जमीन गोदामे बांधणाऱ्या एका कंपनीला सुमारे ३१ कोटी डॉलरना विकली गेली आणि पार्क आपल्याच जुन्या जमिनीवर भाडेकरू म्हणून राहिले. निर्णय तिकीटखिडकीवर होत नाही, तो जमिनीच्या कागदावर होतो, हे यापेक्षा स्पष्ट कशाने दाखवावे?

लोभाने केलेला हिशेब दर वेळी बरोबर येतो असेही नाही. ह्यूस्टनचे अॅस्ट्रोवर्ल्ड २००५ साली जमिनीच्या किमतीवर डोळा ठेवून बंद केले गेले. प्रत्यक्षात जमीन अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीला गेली आणि तिचा मोठा भाग पुढे अनेक वर्षे मोकळाच पडून राहिला.

प्रश्न : सगळे हळहळत आहेत, पण मी त्या पार्कच्या भिंतीला लागून राहतो. दर तीन मिनिटांनी रोलर कोस्टरची साखळी खडखडत वर जाई, क्षणभर सगळे शांत होई आणि मग चाळीस माणसे एकदम किंचाळत. एकोणीस वर्षे मी हे ऐकले. बंद झाल्याचा आनंद झाला असे म्हटले तर शेजारी वाळीत टाकतील का?

टाकणार नाहीत, कारण त्यांतले निम्मे मनातून आपल्याबरोबर असतील. न्यू जर्सीतील पॅलिसेड्स पार्क १९७१ साली बंद झाले, त्यामागे वाहनांच्या रांगांना आणि कचऱ्याला कंटाळलेल्या रहिवाशांचा रेटा होता. नंतर तिथे उत्तुंग निवासी इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर आलेली वाहने रात्री आपल्या गावी परत जात नाहीत. आनंद जरूर माना, फक्त त्या जागेवर काय येणार आहे याच्या नकाशावर आताच नजर ठेवा.

प्रश्न : मी तिथे बावीस वर्षे राइड चालवत होतो. वर्तमानपत्रांनी पाहुण्यांच्या आठवणी छापल्या. आम्हाला कोणी विचारले नाही. पन्नाशीत आलेल्या माणसाने आता कुठे जावे?

हे पत्र मी दोनदा वाचले. आपण म्हणता ते खरे आहे आणि या सदरातल्या आमच्या चार ओळींतही आपला उल्लेख नव्हता, याची खंत आहे.

माझ्यासारख्या उंचीला घाबरणाऱ्या माणसाने एक गोष्ट आवर्जून पाहिलेली असते, ती म्हणजे ऑपरेटरचा हात. मांडीवर आलेला दांडा तो नुसता डोळ्यांनी पाहत नाही, पकडून वर ओढून पाहतो, मग पुढच्या बैठकीकडे जातो, तिथेही तसेच ओढून पाहतो आणि रांगेतली शेवटची बैठक झाल्यावरच साथीदाराला अंगठा दाखवतो. तो अंगठा दिसेपर्यंत गाडी हलत नाही. फाटक उघडण्यापूर्वी कोणीतरी रुळाच्या कडेने चालत एकेक बोल्ट पाहिलेला असतो आणि रिकामी गाडी फिरवून तिचा आवाज ऐकलेला असतो. लाकडी कोस्टरवर काम केलेल्यांना तर नुसत्या आवाजावरून कोणती फळी ढिली आहे ते सांगता येते. पाहुण्यांच्या आठवणी सुखाच्या राहिल्या त्या या हातांमुळे.

कामाविषयी सांगायचे तर 'राइड चालवत होतो' एवढेच लिहून अर्ज करू नका. आपण कोणती यंत्रे हाताळली, रोजच्या तपासणीच्या नोंदी कशा ठेवल्या, यंत्र मध्येच थांबल्यावर माणसे खाली कशी उतरवली, हे सविस्तर लिहिलेले अनुभवपत्र कार्यालय उघडे आहे तोवर सहीशिक्क्यासह घ्या. एकदा कार्यालय बंद झाले की सही करणारा माणूस सापडत नाही. रोपवे, उद्वाहन, क्रेन, सरकते जिने या सगळ्या ठिकाणी माणसांचा जीव यंत्राच्या भरवशावर असतो आणि तिथे आपल्या सवयींना किंमत आहे. यंत्रे दुसरे पार्क विकत घेत असेल तर ती खोलणे आणि पुन्हा जोडणे यासाठी जुन्या माणसांना बोलावण्याची अट विक्रीतच घालता येते का, ते संघटनेमार्फत विचारा. देणी शिल्लक असतील तर मागणी तोंडी न ठेवता लेखी द्या.

प्रश्न : सगळे पार्क वाचणार नाही हे आम्हाला कळले आहे. पण निदान तो घोड्यांचा रहाट तरी वाचवता येईल का? आम्ही काही जण एकत्र आलो आहोत.

येईल, पण एकेक दिवस मोलाचा आहे. वॉशिंग्टनजवळचे ग्लेन एको पार्क १९६८च्या हंगामानंतर बंद झाले आणि १९२१ सालचा त्याचा रहाट विकला गेला. तेव्हा परिसरातल्या लोकांनी ८० हजार डॉलर गोळा करून तो परत मिळवला आणि तो जागच्या जागी राहिला. क्लीव्हलँडच्या युक्लिड बीच पार्कचा १९१० सालचा रहाट मात्र १९६९ साली पार्क बंद झाल्यावर गाव सोडून गेला आणि पुन्हा त्याच शहरात फिरायला लागेपर्यंत २०१४ उजाडले. पहिल्या गटाने लगेच धाव घेतली होती, एवढाच काय तो फरक.

घाई यासाठी, की अखंड रहाटापेक्षा सुटे घोडे विकून अधिक पैसे मिळतात. कोरीव लाकडी घोडा दिवाणखान्यात शोभतो आणि त्यासाठी मोठी किंमत मोजणारे संग्राहक असतात. एकदा घोडे पंचवीस घरांत गेले की उरतो तो खांब आणि मोटर. म्हणून रहाट कोणाच्या मालकीचा आहे, हे पहिले विचारा. पुष्कळदा राइड पार्कच्या नसून भाडेपट्ट्याने चालवणाऱ्याच्या असतात आणि आपण निवेदन भलत्याच माणसाला देऊन बसतो. लिलाव ठरला असेल तर संच अखंड विकावा अशी मागणी करा. वारसा म्हणून नोंद होऊ शकत असेल तर तो अर्ज पार्क चालू असतानाच करणे उत्तम. इंग्लंडमधील मार्गेटच्या ड्रीमलँडमध्ये १९२० सालची लाकडी 'सीनिक रेल्वे' २००२ साली संरक्षित ठरली. पुढे पार्क बंद झाले, २००८ साली त्या राइडला आगही लागली. तरी आधीची ती नोंद आणि लोकांनी नेटाने चालवलेली मोहीम यांमुळे ती पुन्हा बांधली गेली आणि २०१५ साली पार्क उघडले.

पैशांची जमवाजमव करताना विकत घेण्याच्या रकमेवर थांबू नका. ठेवायला कोरडी जागा, वाहतूक, दुरुस्ती आणि मग दरवर्षीची निगा, हा खर्च खरेदीपेक्षा जड जातो. एवढे झेपणार नसेल तर तसे उघड सांगून रहाटाची मोजमापे, छायाचित्रे आणि तो चालवणाऱ्यांचे बोलणे नोंदवून ठेवा. अर्धवट वाचवून गोदामात कुजत ठेवलेल्या रहाटापेक्षा ही नोंद पुष्कळ बरी.

प्रश्न : बंद पार्कच्या कुंपणाला भगदाड पडले असून शाळकरी मुले छायाचित्रे काढायला आत शिरतात. थोडी मजा करू द्यावी की अडवावे?

अडवावे. बर्लिनचे श्प्रेपार्क २००१च्या हंगामानंतर बंद पडले, तेव्हा त्याचा मोठा आकाशपाळणा वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला आणि वाऱ्याने आपोआप फिरत असे. तो छायाचित्रांत सुंदर दिसतो. पण वीज नाही म्हणजे यंत्र हलणार नाही, हा समज किती खोटा आहे तेही त्यातून कळते. न तपासलेले लोखंड आणि कुजलेल्या फळ्या वरून धडधाकट वाटतात. भगदाडाचे छायाचित्र काढून जागेच्या सध्याच्या ताबेदाराला लेखी कळवा आणि त्याची प्रत स्थानिक प्रशासनाला द्या. वाट पाहण्याची ही बाब नव्हे.